तात्याराव खांबेट्यांचं दरपत्रक

झाडाला केबल बांधायचे किती घेता, असं फोनवर विचारणाऱ्या माणसाला मी पूर्वी उलट विचारायचे, की दाढ काढायचे किती पडतील ते तुम्ही डॉक्टरांना फोनवर विचारता का? पुण्यात हा प्रश्न विचारू नये हे मला उशिरा कळलं. लोक विचारतात, डॉक्टर सांगतात, आणि वर "दोन काढल्या तर?" असंही बोलणं होतं.

माझं नाव पूर्णिमा गजभिये. मूळची वर्ध्याची. हिंजवडीत सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी आले, कंपनीच्या बसमध्ये तासन्‌तास अडकून खिडकीतून झाडं बघत राहिले आणि शेवटी नोकरी सोडून झाडांवर चढायला शिकले. आईने अजून ते नातेवाइकांना सांगितलेलं नाही. झाडाच्या दोन जड फांद्या वाऱ्यात एकमेकींपासून फाकायला लागल्या, की वर उंचावर त्यांच्यामध्ये मी केबल घालते, म्हणजे एकीचा तोल दुसरी सांभाळते. याचा दर केबलच्या लांबीवर नसतो. तो उंचीवर, फांदीच्या वजनावर आणि वर किती वेळ लटकावं लागेल यावर असतो. हे समजावून सांगितल्यावर समोरचा माणूस शांतपणे विचारतो, "ते ठीक आहे, पण मीटरला कसं?"

माझा भागीदार उत्तरेश्वर लोणी काळभोरचा. तो खाली उभा राहून माझा दोर धरतो. उंचीला तो माझ्यापेक्षा जास्त घाबरतो, आणि म्हणूनच माझा त्याच्यावर पूर्ण विश्वास आहे.

गेल्या एप्रिलमध्ये नारायण पेठेतल्या एका सोसायटीने आम्हाला बोलावलं. अंगणात एकच झाड, पण केवढं! जुना वर्षावृक्ष, अख्ख्या इमारतीवर सावली धरून बसलेला. पहिल्या मजल्याच्या उंचीवर त्याच्या दोन फांद्या झालेल्या. मी वर जाऊन तो बेचका पाहिला. दोन फांद्यांच्या मध्ये साल दबून राहिली होती, म्हणजे तिथे लाकूड लाकडाला कधी जुळलंच नव्हतं, आणि खाली बोट जाईल एवढी चीर पडली होती. वळवाचं वारं सुटलं की अंगणाकडची फांदी खाली येणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. त्या फांदीच्या बरोबर खाली सोसायटीचे कपडे इस्त्री करणाऱ्या सुशीलाबाईंचं टेबल होतं.

"केबल होईपर्यंत टेबल भिंतीशी न्या," मी खाली उतरून त्यांना म्हटलं.

"तिकडं नेलं की हितं गाडी लागंल," सुशीलाबाई कोळशाची इस्त्री न थांबवता म्हणाल्या. "आन् एकदा गाडी लागली की मी मेले तरी ती हलायची न्हाई. त्यापरीस फांदी परवडली."

त्यांचं म्हणणं खरं होतं. सोसायटीचे खजिनदार चेतन यांची दुसरी गाडी बाहेर रस्त्यावर उन्हात उभी असायची, आणि ते येता-जाता त्या टेबलाकडे असे बघायचे, की ते टेबल नसून त्यांच्याच गाडीवर बसलेली म्हैस आहे. म्हणजे प्रश्न सरळ होता. केबल वेळेत झाली तर सुशीलाबाईंची जागा राहणार. नाही झाली तर एक तर जागा जाणार, नाही तर बाई.

मी खऱ्या दराचं दरपत्रक लिहून अध्यक्ष गोविलकरांना नेऊन दिलं. गोविलकर बँकेतून निवृत्त झालेले, पण बँक त्यांच्यातून निवृत्त झालेली नव्हती.

"दर योग्य की अयोग्य हे मी सांगू शकत नाही," ते म्हणाले. "तुलनेला दुसरा नाही. तीन दरपत्रकं लागतात."

"पण हे काम करणारं इथे दुसरं कोणी मला माहीत नाही."

"तो आपला प्रश्न. बाकीची दोन आपणच आणून द्या. रंगाऱ्याने आणली, टाकी धुणाऱ्याने आणली. आपल्याला काय अडचण आहे?"

अडचण काहीच नव्हती. ही सगळीकडची रीतच आहे. ज्याला काम पाहिजे त्याने स्वतःबरोबर हरणारे दोघे घेऊन यायचे, आणि समितीने तिघांकडे गंभीर चेहऱ्याने बघून पहिल्याला निवडायचं. मी आणि उत्तरेश्वर सुशीलाबाईंच्या टेबलाशेजारी बसलो आणि हरणारे दोघे तयार करायला घेतले.

पहिला सोपा होता. हिंजवडीच्या पत्त्यावरची एक कंपनी केली, दर माझ्या तिप्पट लावला आणि त्यात 'स्टेकहोल्डर अलाइनमेंट' म्हणून एक वेगळी रक्कम घातली. ती भाषा मी इतकी वर्षं बोलले होते, की लिहिताना हात आपोआप चालला.

"दुसरा म्हातारा पायजे," उत्तरेश्वर म्हणाला. "म्हातारा झाडावर चढणार हाय म्हणलं की लोक आपसूक नको म्हणतील."

म्हणून तात्याराव खांबेटे जन्माला आले. दर माझ्यापेक्षा थोडा वर ठेवला. तरीही एखाद्याला दया येऊन तो त्यांना निवडेल अशी मला भीती वाटली, म्हणून मी त्यांना उर्मट करून टाकलं. खाली अटी लिहिल्या: 'दर ठरलेला आहे. घासाघीस करणाऱ्यांनी दुसरा माणूस पाहावा. काम चालू असताना सभासदांनी खाली उभे राहून सूचना करू नयेत. त्या ऐकल्या जात नाहीत. काम केव्हा करायचे ते झाड पाहून मी ठरवीन. फोन वापरत नाही. पटत नसल्यास झाड आपले आहे.'

उत्तरेश्वरने ते मोठ्याने वाचून दाखवलं. सुशीलाबाई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

"असल्या माणसाला कोण बोलावंल?" त्या म्हणाल्या.

"कोणी नाही. तेच पाहिजे," मी म्हटलं. इतकी वर्षं पुण्यात राहून मी हे बोलले, याची मला आजही लाज वाटते.

सभा पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर भरली. मला प्रश्नांची उत्तरं द्यायला बसवून घेतलं होतं. गोविलकरांनी आधी कंपनीचं दरपत्रक वाचलं. लोकांनी रक्कम ऐकून नुसती मान हलवली. मग माझं वाचलं. केबल उन्हाने झिजते का, ती फांदीला काचणार नाही का, अशा चार-दोन शंका आल्या, त्यांची मी नीट उत्तरं दिली. त्या केबलवर कपडे वाळत घालता येतील का, असंही एका बाईंनी विचारलं. मी नाही म्हटल्यावर त्यांचा माझ्यातला रस संपला.

मग तात्यारावांचं निघालं. अटी सुरू झाल्या तशी पार्किंगमधली कुजबुज थांबली. 'पटत नसल्यास झाड आपले आहे' इथे पोचल्यावर गोविलकरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि ते वाक्य पुन्हा एकदा सावकाश वाचलं.

"याला म्हणतात माणूस," ते म्हणाले.

"एक शब्द जास्तीचा नाही," सचिव शर्मिलाताई म्हणाल्या. "हल्ली असं लिहितं कोण?"

"आणि फोन नाही, म्हणजे फुल्ली बुक्ड असणार. ऑथेंटिक आहे," चेतन म्हणाले. "म्हणजे, गजभिये मॅडमचंही चांगलंच होतं, नो डाउट. पण त्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं देत होत्या."

ठराव एकमताने मंजूर झाला. काम तात्याराव खांबेटे यांना द्यावं. गजभिये नावाच्या जिवंत बाईपेक्षा खांबेटे नावाचा जन्मालाच न आलेला माणूस जास्त भरवशाचा ठरला, यातला किती भाग अटींचा आणि किती आडनावाचा, हे मी शोधत बसले नाही. काही गोष्टी शोधल्या की डोकंच फिरतं.

सभा संपता संपता शर्मिलाताईंना आठवलं, की त्यांच्या माहेरच्या चिंचेला आधार दिला होता तो बहुतेक याच खांबेट्यांनी. दुसऱ्या दिवशीपर्यंत त्यातला 'बहुतेक' गळाला. तिसऱ्या मजल्यावरच्या एका आजोबांनी तर त्यांना तरुणपणी पाहिलं होतं आणि तेव्हाही ते बोलत नसत.

मी तडक गोविलकरांकडे गेले. "साहेब, तात्याराव खांबेटे नावाचा माणूस नाहीच आहे."

"स्पर्धा निकोप असावी," गोविलकर म्हणाले. "आपलं वय लहान आहे. आपल्यालाही कामं मिळतील."

"अहो, ते दरपत्रक मीच लिहिलंय."

त्यांनी फाइल उघडली, दोन्ही दरपत्रकं शेजारी-शेजारी ठेवली आणि माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "आपल्याला असं लिहिता येत असतं, तर आपण स्वतःचं इतकं मवाळ का लिहिलं असतं?"

घरी येऊन मी रागाच्या भरात नवं दरपत्रक लिहिलं, दर तात्यारावांच्याही वर नेला आणि जमेल तेवढ्या तुसड्या अटी घातल्या. ते परत आलं. वर गोविलकरांच्या अक्षरात एकच शब्द होता: 'नक्कल.'

मग वाट बघणं सुरू झालं. चेतननी 'खांबेटे अपडेट' नावाचा ग्रुप काढला. अपडेट अर्थातच काही नसायचं, पण त्यामुळे विश्वास वाढतच गेला. असा माणूस काय हाक मारली की येतो? तो त्याच्या वेळेला येणार. फाटकाशी पाटी लागली: 'श्री. खांबेटे आल्यास त्यांना चहा विचारू नये. त्यांना आवडत नाही.' हे कोणी ठरवलं कोणास ठाऊक.

मी मात्र एक दिवसाआड जाऊन चीर बघत होते. आधी एक बोट जायचं, आता दोन जायला लागली. वारं आलं की बेचक्यातून दार कुरकुरावं तसा आवाज यायचा. खाली सुशीलाबाई लोकांचे शर्ट इस्त्री करत असायच्या आणि मला बघितलं की विचारायच्या, "काय म्हणतंय तुमचं म्हातारं?" मला हसू यायचं नाही. मला रात्रीची झोप येत नव्हती. थट्टा म्हणून एक माणूस कागदावर काढला आणि तो आता या बाईच्या डोक्यावर फांदी होऊन लटकत होता.

मेच्या मध्यावर एका दुपारी सोसाट्याचं वारं सुटलं. उत्तरेश्वरचं आणि माझं तेव्हा जवळच दुसऱ्या झाडाचं काम होतं. ते सोडून आम्ही धावत आलो. मोठी फांदी अजून जागेवर होती, पण तिची एक मांडीएवढी उपफांदी तुटून इस्त्रीच्या टेबलावर पडली होती. टेबलाचा एक पाय मोडला होता, निखारे अंगणभर उडाले होते. सुशीलाबाई कपडे पोचवायला वर गेल्या होत्या म्हणून वाचल्या. त्या जिन्यात उभ्या होत्या आणि हातातला गठ्ठा त्यांनी छातीशी धरला होता.

सगळी सोसायटी खाली जमली. गोविलकरांनी झाडाकडे पाहिलं, टेबलाकडे पाहिलं आणि निर्णय दिला. "खांबेटे येईपर्यंत झाडाखाली कोणी बसायचं नाही. हे टेबल आज इथून हलेल."

चेतनच्या हातात मोजपट्टी आधीपासूनच होती. ती कुठून आली हे मला दिसलं नाही.

"मी आत्ता चढते," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं. "आत्ता बांधते. एक पैसा देऊ नका."

"फुकटचं काम सोसायटी घेत नाही," गोविलकर म्हणाले. "नंतर कटकट होते."

मला रडू येईल असं वाटलं. खोटं बोलून झालं होतं, खरं बोलून झालं होतं, स्वस्त होऊन, महाग होऊन आणि आता फुकट होऊन झालं होतं. यापुढे काय व्हायचं ते मला कळेना.

तेवढ्यात सुशीलाबाई जिन्यातून खाली आल्या. त्यांनी गठ्ठा उत्तरेश्वरच्या हातात दिला, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "पर ते येऊन गेले की."

"कोण?" गोविलकरांनी विचारलं.

"खांबेटे. काल दुपारी. तुम्ही समदे झोपला व्हता."

मी सुशीलाबाईंकडे बघत राहिले. तात्याराव कुठून आले हे त्यांना पक्कं माहीत होतं, त्यांच्याच टेबलाशेजारी बसून आम्ही त्यांना जन्म दिला होता. माझ्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

"कसे होते?" गोविलकरांचा आवाज खाली आला होता.

"उंच. पाठीत वाईच वाकलेले," सुशीलाबाई म्हणाल्या. मग एकेकाच्या तोंडाकडे बघत त्यांनी पुढे सांगितलं, "डाव्या पायानं लंगडत व्हते. सदरा पांढरा, पर असा कडक, की कुटं चुणी न्हाई. उजव्या हातावर भाजल्याचा मोठा डाग, हितपासनं हितवर. बोलले कमीच. झाडाला हात लावला, लेकराच्या पाठीवर फिरवावा तसा."

"लंगडत," शर्मिलाताई बाजूच्या बाईंना म्हणाल्या. "आमच्या चिंचेवरूनच पडले होते ते."

"काय म्हणाले?" गोविलकरांनी विचारलं.

"म्हणाले, माझं वय झालं, आता चढवत न्हाई. ही पूर्णिमाबाई हाय, तिला चढवा, मी सांगितलंय म्हणावं. आता जास्त दिवस लावू नका. आन् टेबल हितनं हलवू नका."

"टेबलाचं काय?" चेतननी विचारलं.

"झाडाखाली रोजचं बसणारं माणूस पायजे म्हणाले. झाड कवा कुरकुरतंय ते त्यालाच कळतं. गाडीला कळत न्हाई."

गोविलकरांनी सावकाश मान डोलावली. आजोबांनीही डोलावली, खांबेटे असंच बोलायचे म्हणाले. चेतननी "मेक्स सेन्स," असं म्हणत मोजपट्टी गुंडाळून खिशात घातली. दर तात्यारावांचाच मंजूर झाला, म्हणजे माझ्यापेक्षा जास्त. मी नाही म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चढले. बेचक्यापासून बरंच वर, जिथे दोन्ही फांद्या सरळ जातात तिथे, रुंद पट्टे घालून विणलेली जाड केबल टाकली. ती ताणून घट्ट करायची नसते. झाडाला थोडं हलू द्यावं लागतं, नाही तर ते आळशी होऊन सगळा भार केबलवरच टाकतं. खाली सगळी सोसायटी माना वर करून उभी होती. खांबेट्यांना सूचना आवडत नाहीत हे लक्षात ठेवून ते सूचना दबक्या आवाजात करत होते. वारं आलं तेव्हा मी फांदीवर बसूनच होते. आधी अंगणाकडची फांदी हलली, केबल ताणली गेली आणि दुसरी फांदी तिच्याबरोबर निघाली. कुरकुर आली नाही. मी तिथे वर बसून एकटीच हसले. इतका आनंद मला पगाराच्या दिवशीही कधी झाला नव्हता.

खाली उतरले तेव्हा लोक पांगत होते. "खांबेट्यांचं काम म्हणजे काम," असं म्हणत गोविलकर जिना चढून गेले. उत्तरेश्वर दोर गोळा करत होता. सुशीलाबाईंनी टेबलाच्या मोडक्या पायाखाली विटा लावल्या होत्या आणि इस्त्रीत नवे निखारे भरत होत्या. मी त्यांच्याशेजारी जमिनीवर बसले.

"काय वर्णन केलंत हो," मी म्हटलं. "मी स्वतः लिहिलेला माणूस, पण मलाही क्षणभर खरा वाटला. कुठून आणलंत हे सगळं?"

"आणायचंय कुटनं? आमचे मालक असेच व्हते," त्या म्हणाल्या. "सीताराम. हे टेबल त्यांचं. मी नुसती कपडे आणायची आन् पोचवायची, इस्त्री समदी त्यांच्या हातची. ह्या बिल्डिंगीतल्या लग्नामुंजीचे कपडे त्यांनीच केले. ते गेले तवापासनं मी उभी राहते."

काल अंगणात उभ्या असलेल्या त्या सगळ्यांचे चेहरे डोळ्यांसमोर आले, किती मन लावून ऐकत होते ते.

"कोणीच ओळखलं नाही?" मी विचारलं.

सुशीलाबाईंनी इस्त्रीचं झाकण लावलं आणि एक शर्ट टेबलावर पसरला. "पायाचं सांगितलं तवा वाटलं, आता तरी कुणी म्हणंल, आगं, हा तर आपला सीताराम," त्या म्हणाल्या. "म्हणून मग हातावरच्या डागाचं बी सांगितलं."